भाजल्या-कापल्याचा पांढरा डाग: पेशी लावून रंग परत येतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"डॉक्टर, जखम भरली, पण पांढरं राहिलं." ओपीडीत हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. कुणाच्या पायावर उकळतं दूध सांडलेलं असतं, कुणाचा हात स्टोव्हच्या भडक्यात सापडलेला असतो, कुणी गुडघेदुखीवर बिब्बा लावून घेतलेला असतो आणि तो उतलेला असतो. घटना वेगवेगळ्या, पण पुढचे प्रश्न जवळपास तेच. पेशी लावणं म्हणजे तुमच्याच चांगल्या त्वचेतल्या रंगपेशी काढून पांढऱ्या डागावर बसवणं. त्याबद्दलची सगळी उत्तरं एकदा लिहून ठेवतोय.

जखम भरली, मग रंग का नाही भरला?

कारण त्वचा शिवणारे कारागीर वेगळे आणि रंगवणारे वेगळे. त्वचेच्या वरच्या थरातल्या बहुतेक पेशी केराटिनोसाइट असतात, त्या भराभर वाढून जखम झाकतात. रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी या थराच्या अगदी तळाशी, मोजक्या संख्येने बसलेल्या असतात. एक मेलॅनोसाइट आपल्या फांद्या पसरून आजूबाजूच्या सुमारे 36 पेशींना रंगाचे कण पुरवतो. (गोऱ्या आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो कणांच्या आकारात आणि प्रमाणात. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.)

वरवर खरचटलं तर रंग परत येतो, कारण केसांच्या मुळाशी रंगपेशींचा राखीव साठा असतो आणि तिथून त्या वर चढतात. खोल भाजलं की केसांची मुळंच जळतात, आणि साठाही जातो. तुमच्या डागावर हात फिरवून बघा. त्यावर लव असेल तर आशा जास्त. पूर्ण गुळगुळीत, चकचकीत असेल तर रंग आपला आपण येण्याची शक्यता कमी.

अजून एक बाब. काही पांढऱ्या वणांत रंगपेशी असतात, पण काम करत नाहीत. आणि वणाचा पांढरेपणा सगळाच रंगपेशींअभावी नसतो. वणात तंतू दाट असतात, रक्तवाहिन्या कमी असतात, त्यामुळेही तो फिकट दिसतो. हा भाग पेशी लावून बदलत नाही.

हे कोड तर नाही ना?

हा खरं तर पहिला प्रश्न असायला हवा, कारण उपचार यावर ठरतो. भाजल्याचा डाग भाजलेल्या जागेएवढाच राहतो, वाढत नाही. कोडाचा डाग वाढू शकतो, दुसरीकडेही उठू शकतो. गोंधळ होतो तो अशा माणसात, ज्याला मुळात कोडाची प्रवृत्ती आहे आणि जखमेच्या जागीच कोड उठलं आहे. त्याच्या कोपरावर, गुडघ्यावर, कमरेला नाडी घासते तिथे बारीक डाग सापडतात. म्हणून हातावरचा डाग दाखवायला आलेल्याला मी गुडघेही दाखवायला सांगतो. वुड्स लॅम्प नावाच्या जांभळ्या दिव्याखाली कोडाचा डाग खडूसारखा लख्ख उजळतो, आणि तेवढ्यावरून बरंच कळतं.

फिकट डागाला स्पर्श कळत नसेल, गरम-थंड समजत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी. जुन्या खोल वणातही बधिरपणा असू शकतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण जिथे कधी भाजलंच नाही, कापलंच नाही अशा फिकट, बधिर डागाकडे दुर्लक्ष नको. त्याची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो.

कपाळावर टिकलीच्या जागी पांढरं झालंय. तेही यात मोडतं का?

थोडं वेगळं आहे, पण चांगला प्रश्न. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते रंगपेशींनाच मारतं. तसंच रबरी चपलेच्या पट्ट्याखाली आणि केसांच्या रंगामुळेही होतं. चिकटवायची टिकली ताबडतोब बंद करायची. बऱ्याच बायकांमध्ये मलम आणि उन्हासारख्या किरणांच्या उपचाराने रंग परत येतो. काही महिन्यांनीही आला नाही आणि डाग वाढायचा थांबला, तर पुढे पेशी लावण्याचा विचार. टिकलीऐवजी कुंकू लावा असं सांगितलं की सासूबाई खूश होतात, पण कुंकवातले रंगही काहींना सोसत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

पेशी लावतात म्हणजे नक्की काय करतात?

सगळं एका दिवसात होतं, बहुतेक वेळा जागेवरच्या भुलेत. समजा डाग पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पानाएवढा, म्हणजे 50 चौरस सेंटीमीटरच्या आसपास आहे. त्यासाठी मांडीच्या वरच्या भागातून किंवा नितंबावरून साधारण टपाल तिकिटाएवढा तुकडा घेतो. पानाला पानाएवढी त्वचा लागत नाही, हाच या पद्धतीचा सगळा फायदा. घेतलेल्या त्वचेच्या पाचपट ते दहापट जागा झाकता येते.

तुकडा इतका पातळ हवा की छापील कागदावर ठेवला तर त्यातून खालचे आकडे वाचता यावेत. जाड निघाला तर मांडीवर वण राहतो. म्हणून ब्लेड धरणारा हात अनुभवी असावा. हा तुकडा ट्रिप्सिनच्या द्रावणात टाकून 37 अंश सेल्सिअसला, म्हणजे अंगाच्या उष्णतेएवढ्या तापमानाला, पाऊण-एक तास ठेवतात. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं विकर, इथे ते पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी शिवण उसवतं. तासाभराने चिमट्याने वरचा थर धरला की तो भिजवलेल्या बदामाच्या सालासारखा सुटून येतो. मग ट्रिप्सिनचं काम थांबवायचं, दोन्ही बाजू खरवडून पेशी मोकळ्या करायच्या, आणि ते पाणी नळीत घालून सेंट्रिफ्यूज यंत्रात गरागरा फिरवायचं. तळाशी मुगाच्या दाण्याएवढा करडा साका बसतो. सावळ्या माणसाचा साका जरा गडद असतो. दुपारभर चाललेल्या खटाटोपाचं फळ म्हणजे तो साका. तो थोड्या पोषक द्रवात विरघळवला की तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी तयार होतं. रंग त्याच्यातच आहे, हे रुग्णाला दाखवलं तर पटत नाही.

एकीकडे हे चालू असताना दुसरीकडे डागाची जागा तयार करायची असते. फिरत्या हिऱ्याच्या खड्याने किंवा लेझरने डागाचा वरचा थर घासून काढतात. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे बारीक ठिपके सगळीकडे सारखे उमटले की थांबायचं. त्याहून खोल गेलं तर नवा वण, त्याहून उथळ राहिलं तर पेशींना बसायला जागा नाही. वणाच्या बाबतीत हे आणखी अवघड, कारण वण एका जागी जाड तर शेजारी पातळ असतो, आणि कडक भागातून रक्त लवकर येतच नाही. कोडाच्या डागावर हा टप्पा बराच सरळ जातो. भाजल्याच्या डागावर डॉक्टरचा कस लागतो तो इथे. मग ते गढूळ पाणी जागेवर ओतून कोलॅजन या प्रथिनाच्या पातळ पापुद्र्याने झाकायचं, वर ओलसर गॉज, त्यावर चिकटपट्टी.

दुसऱ्या कुणाची त्वचा घेतली तर? माझी बहीण द्यायला तयार आहे.

नाही. शरीर परक्या पेशी ओळखून नाकारतं. तुमच्याच पेशी लागतात. बहिणीला धन्यवाद सांगा.

म्हणजे ही स्टेम सेल थेरपी का? जाहिरातीत तसं लिहिलं होतं.

नाही, आणि जाहिरातीत असं लिहिणाऱ्याला चार प्रश्न जास्त विचारा. इथे सकाळी घेतलेल्या पेशी संध्याकाळच्या आत परत लावतात, त्यांची वाढ करत नाहीत. मूळपेशींबद्दल, म्हणजेच स्टेम सेलबद्दल, आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने 2017 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात रक्ताच्या विशिष्ट आजारांसाठीचं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचे बाकीचे वापर संशोधनाच्या टप्प्यातले मानले आहेत. ज्याला साधं नाव पुरेसं आहे त्याला मोठं नाव देऊन बिल वाढवू द्यायचं कशाला?

ही पद्धत नवीन आहे का? प्रयोग तर नाही ना करणार माझ्यावर?

तीस वर्षं होऊन गेली. फ्रान्समध्ये गोतिए आणि सुर्लेव-बाझेय यांनी 1992 मध्ये ती मांडली. तेव्हा ते द्रव नायट्रोजनने फोड आणून त्यात पेशी भरत. स्वीडनच्या उप्साला इथल्या ओल्सन आणि युहलिन यांनी 1998 मध्ये फोडांऐवजी त्वचा घासण्याची रीत आणली, आज आपण करतो ती साधारण तीच. ती सोपी करून रुजवण्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. संजीव मुळेकर यांचं काम मोठं आहे. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये आणि चंदीगडच्या पीजीआयमध्येही यावर पुष्कळ काम झालं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या शल्यचिकित्सक फियोना वूड यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी याच तत्त्वावर फवारायच्या पेशींचं तयार किट विकसित केलं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला 2018 मध्ये भाजण्यासाठी आणि 2023 मध्ये कोडासाठी मान्यता दिली. आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी मात्र किट नसतं, तेच काम बशी, चिमटा आणि सेंट्रिफ्यूजवर होतं.

मात्र एक फरक समजून घ्या. बहुतेक अभ्यास स्थिर, म्हणजे वाढायचं थांबलेल्या, कोडावर आहेत. भाजल्याच्या वणावरचा अनुभव त्या मानाने थोड्या रुग्णांचा आहे, आणि निकाल माणसागणिक बदलतात. म्हणून मोठ्या डागावर मी आधी एका कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत करून बघतो आणि तीन महिने थांबतो. लोकांना हे थांबणं आवडत नाही. कुणी तुमचा अख्खा हात पहिल्याच दिवशी करायला तयार असेल, तर तुम्ही थोडं थांबा.

त्वचेचे तुकडे लावण्याच्या जुन्या पद्धती वाईट का?

मुळीच नाहीत. पंच ग्राफ्टमध्ये एक-दीड मिलिमीटरचे गोल तुकडे भात लावावा तसे अंतराअंतरावर रोवतात. स्वस्त आहे, यंत्रं लागत नाहीत. छोट्या डागाला आणि ओठाला चालतं. पण जागा पुढे खडबडीत, फरसबंदीसारखी दिसू शकते. फोडाच्या पद्धतीत मांडीवर सिरिंज उलट्या लावून हवा ओढतात, दोन-तीन तासांत टपोरे फोड येतात आणि त्यांचं छत कापून डागावर बसवतात. रंग छान जुळतो, पण एका वेळी जागा थोडीच होते. एका रुपयाच्या नाण्याएवढा चेहऱ्यावरचा डाग असेल तर मी पुष्कळदा फोडच निवडतो. पेशींचा खटाटोप मोठ्या जागेसाठी. पातळ अखंड ग्राफ्टने रंग सर्वांत खात्रीने येतो, पण कधीकधी ठिगळ लावल्यासारखी कड दिसते.

वण पूर्ण जाईल का?

नाही. रंग येऊ शकतो, वण राहतो. आखडलेली, उंचसखल, चमकणारी त्वचा रंगाने सरळ होत नाही. रंग आल्यावर डाग चारचौघांत नजरेत भरत नाही, एवढंच साधायचं असतं. मी रुग्णाला हात लांब करून बघायला सांगतो, कारण समोरचा माणूस तेवढ्याच अंतरावरून बघणार असतो. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघाल तर प्रत्येक वेळी निराश व्हाल.

आणि वण जाड, लाल, खाजरा असेल तर आधी त्याच्यावर उपचार. वण निवून पक्का व्हायला साधारण वर्ष लागतं. त्याआधी पेशी लावणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

दुखतं का? किती दिवस रजा घ्यावी?

भुलेची सुई टोचताना दुखतं. नंतरचे दोन-तीन दिवस मांडीची जागा डागापेक्षा जास्त चुरचुरते, साध्या गोळीने भागतं. ड्रेसिंग साधारण सात दिवस. तेवढे दिवस ते हलता कामा नये, भिजता कामा नये. हेच खरं पथ्य, बाकी आंबट खाऊ नका वगैरे मी सांगत नाही.

सुरुवातीच्या काळात मी एक चूक केली. कोपराजवळ पेशी लावून एका रुग्णाला त्याच संध्याकाळी एसटीने गावी जाऊ दिलं. गर्दीत तीन तास दांडा धरून उभा राहून तो पोहोचला आणि ड्रेसिंग पार मनगटाकडे सरकलं. रंग आला तो एका पट्टीत, मूळ डागाच्या खाली. तेव्हापासून सांध्याजवळचं काम असेल तर सांधा हलू नये म्हणून प्लास्टरचा स्लॅब लावतो आणि रात्रभर ठेवून घेतो. तुम्हीही सरळ विचारा: "डॉक्टर, घरी जाताना हे हलणार नाही ना?"

रंग कधी दिसायला लागतो?

पट्टी काढली की जागा गुलाबी, ओली दिसते. इथे निम्मे लोक रडकुंडीला येतात. तीन-चार आठवड्यांनी तपकिरी ठिपके किंवा धुरकट छटा दिसते, मग ती पसरत जाते. सहा महिने वाट बघायची, काहींना वर्ष लागतं. मधल्या काळात जागा आजूबाजूपेक्षा काळपट दिसू शकते, आपल्यासारख्या त्वचेत हे फार होतं. ती हळूहळू जुळते. दोन-तीन आठवड्यांनंतर 311 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार किंवा मोजून-मापून ऊन दिलं तर पेशींना चालना मिळते. मोजून-मापून म्हणजे दहा मिनिटं. छतावर दुपारी बारा वाजता झोपायचं नाही.

बोटांची टोकं, घोटे, पाऊल इथे रंग चिवटपणे कमी येतो. चेहरा, मान, पोट, दंड, मांडी इथे चांगला. हे आधी माहीत असलेलं बरं.

मांडीवर जिथून त्वचा घेतली ती जागाही पांढरी पडली तर?

भाजल्याच्या डागात सहसा पडत नाही. काही महिने फिकट किंवा काळपट दिसते. कोड असलेल्या माणसात, आणि तेही अस्थिर असेल तर, पडू शकते. म्हणूनच कोडात किमान वर्षभर नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, खरचटलेल्या जागी पांढरं झालेलं नाही, याची खात्री करूनच हात लावायचा.

कुणी करू नये?

ज्यांच्या अंगावर केलॉइड येतो, म्हणजे लसीच्या किंवा कान टोचल्याच्या जागी गाठीसारखा वाढलेला वण आहे, त्यांनी शक्यतो नको. कोड वाढत असेल त्यांनी नको. साखर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर आधी सांगा. लहान मुलांचं विचाराल तर भुलेची सुई झाल्यावर दोन तास शांत झोपू शकणारं मूल हवं. पाच वर्षांच्या पोराच्या पोटावरच्या चटक्याच्या डागासाठी घाई करणाऱ्या आईबापांना मी परत पाठवतो.

लग्न सहा महिन्यांवर आलंय. तोपर्यंत होईल का?

तारखेसाठी करू नका. सहाव्या महिन्यात रंग अर्धवट, ठिपकेदार असण्याची शक्यता भरपूर. लग्नाच्या फोटोंसाठी चांगला कॅमोफ्लाज मेकअप मिळतो, पाण्याने जात नाही, आणि तो वापरण्यात लपवाछपवी काही नाही. मात्र समोरच्या घरी सांगून टाका. भाजल्याचा डाग पुढच्या पिढीत जात नाही, कोड स्पर्शाने पसरत नाही, हे त्यांना डॉक्टरकडून ऐकायचं असेल तर त्यांनाही घेऊन या. मी असे दोन्हीकडचे लोक एकाच बाकावर बसवून समजावलेले आहेत. कोड असलेल्यांसाठी पुण्याची श्वेता असोसिएशन वधू-वर मेळावे घेते. 'कोड' या शब्दाला चिकटलेला डाग नको म्हणून ते 'श्वेतत्वचा' म्हणतात.

टॅटू करून रंग भरला तर? एका सिटिंगमध्ये होतं म्हणे.

वैद्यकीय टॅटू ओठांसारख्या जागी कधीकधी उपयोगी पडतो. पण शाई कायमची असते आणि तुमची त्वचा उन्हाळ्यात गडद, थंडीत उजळ होत राहते. शाई तशीच राहते. काही वर्षांनी ती निळसर दिसायला लागते. असा निळा पडलेला हात घेऊन एक मुलगी आली होती. कुणीतरी पार्लरमध्ये दोन तासांत काम उरकलं होतं. शाई काढायला लेझरच्या कितीतरी फेऱ्या लागल्या आणि पेशींचा विषय त्यानंतरचा. टॅटू करायचाच असेल तर बाकी सगळं करून झाल्यावर, शेवटी करा.

खर्च किती, आणि विमा मिळतो का?

आकडा लिहीत नाही, कारण शहर, जागा आणि डागाच्या आकारावर तो फार बदलतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात आधी चौकशी करा, रांग असते पण खर्च पुष्कळ कमी.

विम्याचं मात्र नीट वाचा. "कॉस्मेटिक आहे" म्हणून दावा सरसकट नाकारला जातो आणि लोक गप्प बसतात. पॉलिसीत सौंदर्योपचार वगळणारं प्रमाणित कलम असतं, त्याचा क्रमांक 08. त्याच कलमात अपवाद लिहिलेला आहे: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना. तुमचा डाग भाजल्याचा असेल तर जुनं डिस्चार्ज कार्ड, अपघाताची नोंद आणि डॉक्टरचं पत्र जोडून पूर्वपरवानगी मागा. मिळेलच असं नाही, पण न मागता नक्कीच मिळत नाही.

पहिल्या भेटीला काय घेऊन यावं?

डाग पडला तेव्हाचे आणि त्यानंतर दर काही महिन्यांचे जुने फोटो, मोबाइलमधले चालतील. वाढतोय की नाही हे मला त्यावरूनच कळतं. चालू गोळ्यांच्या पट्ट्या. बिब्बा, चुना, लसूण, कुठलं तेल किंवा लेप, जे काही डागावर लावून झालं असेल त्याची खरी यादी. रागावणार नाही. आणि त्या दिवशी डाग स्वच्छ धुऊन, काहीही न लावता या. पावडर लावून आलेल्या माणसाला मी आधी बेसिनकडे पाठवतो.